इंग्लंडच्या खेड्यांतल्या चित्रपाट्या सायकलवरून: नॉरफोक, सफोक की केंट?

रानवाटा

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटच्या आठवड्यात केंब्रिजला मुक्काम आहे. त्यातले दोन दिवस सायकलसाठी मोकळे ठेवलेत. इंग्लंडच्या खेड्यांत चौकात किंवा हिरवळीवर उंच खांबावर गावाची कोरीव, रंगवलेली पाटी असते. खाली गावाचं नाव आणि वर एखादा संत, दंतकथा, जनावर, पवनचक्की असं काहीतरी. या 'व्हिलेज साइन' बघत फिरायचं आहे. प्रश्न असे:

१. ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत येता येईल असा कुठला भाग धरावा? ५०-६० किलोमीटर जमतील, चढ फार नकोत.
२. या पाट्या नकाशावर सापडतात का, की गावात जाऊन शोधायच्या?
३. सायकल भाड्याची हायब्रिड असेल. सोबत काय ठेवावं?
४. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाटी फोटोत काळी येते. त्यावर काही उपाय?

---

नांगरमुठी

केंब्रिजहून निघणार असाल तर पहिला दिवस डोळे झाकून वायव्य नॉरफोकला द्या. ही प्रथा फोफावली ती तिथूनच. सातव्या एडवर्डला सँडरिंगहॅम इस्टेटीच्या गावांत अशा पाट्या हव्या होत्या, मोटारीने येणाऱ्याला गाव कळावं आणि रस्त्याला शोभाही यावी म्हणून. १९२० मध्ये त्याचा नातू प्रिन्स अल्बर्ट (नंतरचा सहावा जॉर्ज) याने रॉयल अकॅडमीतल्या भाषणात हा विषय काढला. त्याच वर्षी 'डेली मेल'ने देशभर स्पर्धा घेतली. बक्षिसांची एकूण रक्कम २,२०० पौंड होती, आणि ऑक्टोबरात लंडनच्या ऑस्ट्रेलिया हाउसमध्ये प्रदर्शन भरलं. तिथून हे लोण पसरलं. पुढे राज्याभिषेक, १९७७ ची राणी एलिझाबेथची सिल्व्हर ज्युबिली, २००० सालचं सहस्रक अशी निमित्तं मिळत गेली. पुष्कळ पाट्या गावच्या विमेन्स इन्स्टिट्यूटने (महिला मंडळाने) दिलेल्या आहेत.

मार्ग: केंब्रिज ते किंग्ज लिन ट्रेन, साधारण तासाभराची. स्टेशनातून बाहेर पडलात की नॅशनल सायकल रूट १ च्या खुणा धरा. निळ्या पाटीवर लाल चौकटीत पांढरा आकडा, ती खूण.

किंग्ज लिन – कासल रायझिंग (८ किमी) – बॅबिंग्ली – वुल्फर्टन – सँडरिंगहॅम – डर्सिंगहॅम – स्नेटिशॅम – हीचम. जाताना तीस-बत्तीस किलोमीटर होतात. परत येताना वाटेतले फाटे गाळलेत की थोडे कमी.

यातली चुकवू नये अशी पाटी बॅबिंग्लीची. सातव्या शतकात संत फेलिक्स ईस्ट अँग्लियात (नॉरफोक-सफोकच्या भागात) धर्मप्रसाराला आला, नदीत त्याची नाव बुडू लागली, बीव्हरांनी (नदीत बांध घालणारे, चपट्या शेपटीचे प्राणी) त्याला वाचवलं, आणि त्याने उपकार फेडायला त्यांच्या म्होरक्याला बिशप करून टाकलं, अशी कथा. पाटीवर तो बीव्हर बिशपची उंच टोपी घालून बसलाय. गाव म्हणावं असं तिथे आता फारसं काही उरलेलं नाही, पण पाटी आहे! वुल्फर्टनच्या पाटीवर नॉर्स पुराणातला फेनरिर लांडगा आहे, टिर देवाचा हात त्याच्या जबड्यात. याच वुल्फर्टनला राजघराण्याचं स्टेशन होतं. लिन–हन्स्टंटन ही रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली, म्हणूनच हीचमहून परत यायला ट्रेन नाही, हे आधीच ध्यानात घ्या. हीचमच्या पाटीवर पोकाहॉन्टस ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी प्रसिद्ध स्त्री आहे. तिचा नवरा जॉन रॉल्फ हीचमच्या रॉल्फ घराण्यातला.

दोन धोक्याच्या गोष्टी. ए-१४९ हा रस्ता नकाशावर सरळसोट आणि जवळचा दिसतो. त्यावरून सायकल नेऊ नका. गाड्या भन्नाट असतात आणि कडेला जागा नसते. कासल रायझिंग आणि वुल्फर्टन त्याच्या पश्चिमेला, सँडरिंगहॅम पूर्वेला, त्यामुळे तो ओलांडावा मात्र लागतोच. तिथे उतरून, सायकल हातात धरून ओलांडा. दुसरं म्हणजे वारा. तो बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. जाताना पाठीवर असल्याने 'किती सोपं आहे' असं वाटतं, आणि परतीचे पंचवीस-तीस किलोमीटर तोच तोंडावर येतो. हीचमहून दुपारी तीनच्या आत निघा. मेअखेरीस नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हा अंधाराची भीती नाही. प्रश्न पायांचा आहे.

---

चौकोन_नकाशा

प्रश्न २ बद्दल.

ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) नकाशावर या पाट्यांना स्वतंत्र चिन्ह नाही. तरी कागदी नकाशा घ्याच. लिनच्या भागासाठी लँडरेंजर १३२ (१:५०,०००) पुरेसा आहे, पायवाटांचा बारकावा हवा असेल तर एक्सप्लोरर २५० (१:२५,०००). फोनला रेंज नसलेल्या गल्ल्या नॉरफोकात बऱ्याच आहेत.

शोधायची रीत अशी:

आधी 'जिओग्राफ' या संकेतस्थळावर जा. ब्रिटनच्या प्रत्येक एक किलोमीटर चौकोनाचे फोटो तिथे लोकांनी चढवलेत. गावाचं नाव आणि सोबत 'व्हिलेज साइन' असं शोधलं की पाटीचा फोटो आणि ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकोनाचा अक्षर-आकड्यांतला पत्ता) दोन्ही मिळतात. कासल रायझिंग टीएफ ६६२४, वूलपिट टीएल ९७६२ अशा चौकोनांत. पहिले दोन आकडे पूर्वेकडे मोजायचे, पुढचे दोन उत्तरेकडे. हा क्रम उलटा झाला की भलत्याच गावात पोचाल.

मग तेच ठिकाण स्ट्रीट व्ह्यूवर उघडा आणि पाटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते टिपून ठेवा. फोटोसाठी सकाळी जायचं की दुपारी, ते यावरून ठरतं.

शेवटी त्या गावच्या पॅरिश कौन्सिलच्या (ग्रामपंचायतीसारखी संस्था) पानावर नजर टाका. पाटी दुरुस्तीला उतरवलेली असली तर बहुधा तिथेच कळतं. लाकडी पाटी एकदा सुताराकडे गेली की महिनोन्महिने परत येत नाही. तोवर गावात नुसता खांब उभा असतो.

गावात पोचल्यावर कुठे बघायचं? हिरवळ, चर्चचं फाटक, युद्धस्मारक, गावतळं, पब, शाळा, साधारण या क्रमाने. वेशीवर काळ्या अक्षरांची पांढरी पत्र्याची पाटी दिसेल, ती रस्तेखात्याची. तिला आपली पाटी समजून फोटो काढून पुढे जाणारे लोक असतात. आपली पाटी आत असते, आणि बायपास झालेल्या गावात तर जुन्या रस्त्यावर. सायकलवाल्याचा फायदा तिथेच आहे.

मार्ग आखायला 'सायकल डॉट ट्रॅव्हल' चांगलं. ते शांत रस्ते निवडतं. मोटारीसाठीचं नेव्हिगेशन सायकलला लावू नका.

---

रंधा

लाकूडकामाच्या बाजूने थोडं. पाटीपाशी दोन मिनिटं थांबून लगेच पुढे पळालात तर अर्धी गंमत गेली.

नॉरफोकमधलं मोठं नाव हॅरी कार्टर (१९०७–१९८३). स्वॉफमच्या शाळेतला कलाशिक्षक. ईस्ट अँग्लियात दोनशेहून जास्त पाट्या त्याच्या हातच्या आहेत. तुतनखामेनचं थडगं शोधणारा हॉवर्ड कार्टर त्याच्या नात्यातला. स्वॉफमच्या पाटीवर तिथल्या दंतकथेतला फेरीवाला आणि त्याचा कुत्रा आहे. स्वॉफमला आता ट्रेन जात नाही आणि लिनहून सरळ जाणारा ए-४७ सायकलला वाईट, म्हणून या खेपेला ते सोडलंत तरी चालेल. कार्टरचं काम ओळखायचं ते खोलीवरून. आकृत्या लाकडातून खऱ्याखुऱ्या बाहेर येतात, नुसत्या रंगाने उठाव आणलेला नसतो.

साहित्य कसं ओळखावं:

ओकची पाटी जोडफळ्यांची असते. उभ्या सांध्यांच्या रेषा बघा, ऊन-पावसाने सांधा उघडला की रंग त्या रेषेवर आधी फाटतो. कोरीव कामाच्या खोलगट जागांत, विशेषतः अक्षरांच्या खालच्या कडेला, पाणी साचतं आणि तिथले पोपडे आधी निघतात. स्क्रूभोवती निळसर-काळा डाग दिसला तर कुणीतरी साधं लोखंड वापरलंय. ओकमध्ये टॅनिन असतं, ते लोखंडाला खातं आणि लाकूड काळं पाडतं. जाणकार पितळ किंवा स्टेनलेस वापरतात.

फायबरग्लासच्या पाटीला रेषा नसतात, सगळं गुळगुळीत. वरचा थर उन्हाने पांढुरका, खडूसारखा होतो. ओतीव ॲल्युमिनियममध्ये उठाव सगळीकडे सारखा असतो आणि कडेपासून रंगाखाली फोड येतात. घडीव लोखंडाच्या नुसत्या आकृत्या, ज्यांच्या आरपार आकाश दिसतं, त्या वेगळ्याच. त्यांना मागची-पुढची बाजू आरशातल्यासारखी.

खांब बघा. तो जमिनीलगत कुजतो, कारण लाकडाचं कापलेलं तोंड काँक्रीटवर टेकलं की खालून पाणी ओढत राहतं. नीट बसवलेला खांब लोखंडी बुटात असतो आणि बुडाशी पाणी निघून जायला जागा ठेवलेली असते. त्याखालचा चौथरा त्या भागाचा दगड सांगतो. लिन ते हीचम पट्ट्यात तांबूस-तपकिरी कारस्टोन सगळीकडे दिसेल, तसा पूर्वेला गेलात की काळा-पांढरा फ्लिंट (गारगोटी).

आणि मागे जा! पुष्कळ पाट्यांना दोन्ही बाजूंना चित्र असतं आणि ते दर वेळी सारखंच असतं असं नाही. चौथऱ्यावरची पितळी किंवा दगडी पट्टी वाचा, सहसा देणगीदार आणि साल तिथे असतं. चौथऱ्यावर चढू नका, सायकल खांबाला टेकवू नका. पेडलने रंग खरवडतो आणि तो खर्च गावाच्या माथी बसतो.

---

रानवाटा

वा, खजिनाच उघडलात की! वाचनखूण साठवली.

दुसऱ्या दिवसासाठी काहीतरी लहान हवं. पंधरा-वीस किलोमीटर, आणि दुपारी चारपर्यंत केंब्रिजला परत. सफोकमध्ये जमेल का? आणि प्रश्न ३ व ४ अजून बाकी आहेत, कुणी बोला.

---

हिरवी_पोरं

सफोक, आणि त्यातही वूलपिट. दुसरा विचारच नको.

बाराव्या शतकात तिथे लांडग्यांच्या खड्ड्यांपाशी हिरव्या कातडीची दोन मुलं सापडली, बहीण-भाऊ. भाषा कुणाला कळेना, आणि सुरुवातीला कच्च्या शेंगांच्या दाण्यांशिवाय काही खाईनात. मुलगा वारला, मुलगी मोठी झाली, हळूहळू हिरवा रंगही गेला. कॉगशॉलचा राल्फ आणि न्यूबर्गचा विल्यम या दोघा इतिवृत्तकारांनी हे लिहून ठेवलंय, म्हणून त्याला नुसती आजीची गोष्ट म्हणता येत नाही. १९७७ मध्ये उभारलेल्या पाटीवर ती दोन मुलं आहेत, आणि लांडगाही.

केंब्रिज–इप्सविच मार्गावरच्या गाडीने एल्म्सवेलला उतरा. तासाभराचा प्रवास. स्टेशनपासून दक्षिणेला अडीच किलोमीटरवर वूलपिट, मध्ये ए-१४ पुलावरून ओलांडायचा. पाटी बघून झाली की सेंट मेरी चर्चमध्ये डोकवा आणि मान वर करा: छताच्या दुहेरी तुळयांवर लाकडी देवदूत पंख पसरून बसलेत. पाटी कोरणाऱ्या हातांची परंपरा किती जुनी, ते तिथे कळतं.

पुढे वूलपिट – ड्रिंकस्टन – हेसेट – बेटन – थर्स्टन स्टेशन. एकूण पंधरा-सोळा किलोमीटर. ड्रिंकस्टनला १६८९ सालची पोस्ट मिल आहे, म्हणजे अख्खी पवनचक्की एका खांबावर वाऱ्याकडे फिरवता येणारी. रस्ते एका गाडीपुरते. समोरून ट्रॅक्टर आला तर रुंद केलेल्या जागेत थांबून त्याला जाऊ द्या, तो मागे घेणार नाही. अशा गल्ल्यांत पांढऱ्या वर्तुळात काळी तिरपी रेघ दिसली तर 'वेगमर्यादा नाही' असं समजू नका. ती ताशी ६० मैलांची खूण आहे, आणि तेवढ्या वेगाने हाकणारे भेटतातही. वळणावर कडेला चिकटून राहू नका, कुंपणामुळे समोरच्याला तुम्ही उशिरा दिसता. थोडं रस्त्यात या.

खाण्याचं: गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं, आणि सोमवारी बरेच पब उघडतच नाहीत. सँडविच बांधून न्या.

---

ठिगळ

प्रश्न ३, सायकल.

टायर ३२ ते ३७ मिमीचा मागा. त्याहून बारीक असेल तर दुसरी सायकल बघा. ३५ मिमीला, ७०-७५ किलोच्या माणसासाठी, मागे ५५ ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढे ५० च्या आसपास हवा ठेवा. जास्त हवा भरली की फ्लिंटचा तुकडा टायर कापून जातो, कमी भरली की खड्ड्यात रिमवर ट्यूब चिमटते आणि सापाने डसल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, दोष हवेचा आहे.

नॉरफोकात पंक्चर होतं ते मुख्यतः दोन गोष्टींनी. एक, फ्लिंटच्या धारदार कपच्या. पावसानंतर त्या रस्त्यावर वाहून येतात आणि ओल्या टायरला चिकटून आत शिरतात. दोन, हॉथॉर्नचे काटे. शेतकरी १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपणं छाटत नाहीत, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून. त्यामुळे तुमच्या तारखांना काट्यांचा त्रास कमी. सप्टेंबरनंतर जाणाऱ्यांनी मात्र जपावं, त्यात फेब्रुवारीपर्यंत शुगर बीटची वाहतूक आणि रस्ताभर चिखल.

सोबत: दोन ट्यूब (मापाच्या, आणि व्हॉल्व्ह प्रेस्टा की श्रेडर ते भाड्याच्या दुकानातच बघून), तीन टायर लिव्हर, पंप, ठिगळांची डबी, ४-५-६ मिमीच्या ॲलन की. चाकं नटाची असतील तर १५ मिमीचा पाना, हा हमखास विसरला जातो. शिवाय रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा ५×३ सेंमी तुकडा. फ्लिंटने टायरची भिंतच चिरली तर ट्यूब बदलून उपयोग नाही, चिरेतून ती फुगून बाहेर येते. हा तुकडा आतून लावा, हवा ४० पर्यंतच भरा, स्टेशन गाठता येतं.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश. कपची तिथेच बसलेली असेल तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत जाईल.

कायद्याचं थोडक्यात: डावीकडून चालवायचं, आपल्यासारखंच. फुटपाथवर आणि 'फुटपाथ' लिहिलेल्या शेतवाटेवर सायकल नाही. 'ब्रायडलवे'वर (घोडेवाटेवर) चालते, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. घोडा दिसला तर मागून घंटी वाजवू नका, बोला. माणसाचा आवाज आला की घोडा बिचकत नाही.

---

तिरपं_ऊन

फोटो. पाटी तीन-चार मीटर उंच, तुम्ही खाली, मागे पांढरं आकाश. कॅमेरा आकाशाला धरून हिशेब करतो म्हणून पाटी काळी पडते. फोनवर पाटीवर बोट दाबून धरा, फोकस तिथे कुलूपबंद करा, मग उजेड एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वर न्या. आकाश पांढरं झालं तरी होऊ द्या, तुम्हाला रंग हवेत.

अगदी खाली उभं राहून काढलंत तर पाटी वर निमुळती दिसते. सहा-सात मीटर मागे जा आणि दुप्पट-तिप्पट झूम करा. मागे झाड किंवा चर्चचा मनोरा येईल असं एक-दोन पावलं सरकून बघा, गडद पार्श्वभूमी मिळाली की वरचा सगळा खटाटोप वाचतो.

कोरीव पाटीला समोरून ऊन नको, बाजूने हवं. सावली पडली तरच खोली दिसते. सपाट रंगवलेल्या पाटीला मात्र ढगाळ दिवस उत्तम. दर पाटीचे चार फोटो ठेवा: पुढची बाजू, मागची बाजू, चौथऱ्याची पट्टी, आणि एक लांबून, आजूबाजूच्या गावासकट. हा चौथा नसला तर घरी गेल्यावर सगळ्या पाट्या एकाच गावच्या वाटतात.

---

चौकोन_नकाशा

शीर्षकात केंट आहे म्हणून एवढंच: बिडेन्डनची पाटी बघण्यासारखी आहे, मेरी आणि एलायझा चल्कहर्स्ट या जोडलेल्या जुळ्या बहिणींची. परंपरेने त्यांचा जन्म ११०० चा मानतात. त्यांचं चित्र उमटवलेल्या बिस्किटांचं दान तिथे ईस्टरला अजून होतं. पण केंब्रिजहून ते एका दिवसात करू नका, लंडन ओलांडण्यातच दिवस जाईल. पुढे कधी लंडनला मुक्काम असेल तेव्हा हेडकॉर्नला उतरून स्मार्डनमार्गे जा, बारा-तेरा किलोमीटर. ए-२७४ टाळा.

---

नांगरमुठी

ट्रेनचं राहिलं. मेचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असतो आणि त्या आठवड्यात शाळांना सुट्टी. नॉरफोकचा किनारा त्या तीन दिवसांत भरून जातो, गाड्याही. लिनची फेरी मंगळवार ते गुरुवारमध्ये बसवा. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लंडनला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांत पूर्ण आकाराच्या सायकलवर बंधनं असतात, घडीची चालते. लिनची गाडी लंडनहूनच येते, म्हणून सकाळची कुठली आणि परतीची कुठली चालेल ते रेल्वे कंपनीच्या सायकलच्या पानावर आदल्या दिवशी बघून घ्या. एल्म्सवेलच्या गाडीत सायकलच्या जागा मोजक्याच असतात, पहिला येईल त्याला. फलाटावर सायकलचं चिन्ह असलेला डबा कुठे येतो ते बघून आधीच तिथे उभे राहा, आणि भरलाच असेल तर पुढच्या गाडीपुरता तासभर हाताशी ठेवा.